पारशीबागानातला फ्रॉइड

१९०६च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या पारशीबागान चौकात स्वदेशीवाल्या मंडळींनी एक तिरंगी झेंडा फडकवला, म्हणून त्या जागेचं नाव राष्ट्रध्वजाच्या इतिहासात येतं. तिथल्याच गल्लीतलं चौदा नंबरचं घर मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नाही. १९२२ साली याच घरात इंडियन सायकोअनॅलिटिकल सोसायटी स्थापन झाली. संस्थापक सभासद पंधरा. पॅरिसमध्ये अशी संस्था निघायला १९२६ साल उजाडावं लागलं.

घर बोस भावांचं. राजशेखर बोस हे रसायनशास्त्रज्ञ. दिवसा बेंगॉल केमिकलचा कारभार बघायचे आणि 'परशुराम' या नावानं विनोदी कथा लिहायचे. बंगाली माणूस अजूनही त्या कथा वाचून हसतो. धाकटे गिरींद्रशेखर १८८७ सालचे. १९१०मध्ये डॉक्टर झाले, पण ओढा संमोहनविद्येकडे आणि जादूच्या प्रयोगांकडे. मनाची तक्रार घेऊन आलेला रोगी दिसला की त्यांना हुरूप यायचा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड तिकडे व्हिएन्नात, आणि त्याची पुस्तकं इंग्रजीत अजून धड मिळत नव्हती. जे काही हाती लागेल ते वाचायचं आणि उरलेलं रोग्यांकडून शिकायचं, असा त्यांचा खाक्या होता. कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा चालता दवाखाना असलेला हा डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला. १९१७मध्ये एमएस्सी, १९२१मध्ये डीएस्सी. प्रबंधाचा विषय दमन, म्हणजे नको असलेली इच्छा मनाच्या तळाशी दडपून टाकणं.

प्रबंधाचं पुस्तक त्यांनी थेट व्हिएन्नाला पाठवलं. मे १९२१मध्ये फ्रॉइडचं उत्तर आलं. मुख्य मुद्दे बरोबर असल्याचा निर्वाळा त्यात होताच, शिवाय इतक्या दूरच्या देशात आपल्या शास्त्राची एवढी दखल घेतली जातेय याचं आश्चर्यही होतं. तिथून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. भेट मात्र आयुष्यात एकदाही झाली नाही.

भेट नाही आणि फोटोही नाही, तेव्हा पारशीबागानातल्या मंडळींनी फ्रॉइडचं चित्र कल्पनेनंच काढायचं ठरवलं. ते काम आलं जतींद्रकुमार सेन यांच्याकडे. परशुरामांच्या विनोदी कथांना चित्रं काढणारे ते हेच. बोस यांनी चित्र व्हिएन्नाला धाडलं. चित्र छान आहे, माझ्यासारख्याच्या मानानं फारच छान, असं फ्रॉइडनं कळवलं. आणि चित्रकारानं माझ्या वंशाची काही लक्षणं मात्र हिशेबात धरली नाहीत, अशी कोपरखळीही मारली. मैत्रीण लू आंद्रेआस-सालोमे हिला लिहिताना तो अधिक मोकळा झाला. त्या भारतीयानं आपल्याला पक्का इंग्रज करून टाकलंय, असं त्यानं तिला लिहिलं. कोलकात्यात बसून युरोपातला थोर माणूस डोळ्यांसमोर आणायचा, तर समोर नमुना साहेबाचाच. त्यात सेन यांचा तरी काय दोष?

खरी गंमत पुढेच आहे. चित्रातला फ्रॉइड साहेब झाला, पण बोस यांच्या सिद्धांतात त्याचं काहीतरी वेगळंच झालं. बोस म्हणत, कुठलीही इच्छा एकटी येत नाही, तिच्या पाठीला पाठ लावून उलटी इच्छा उभी असते. समजा, एखाद्याला दुसऱ्याच्या श्रीमुखात भडकवायची आहे. त्याच्या मनाच्या तळाशी मार खाण्याचीही इच्छा असते, आणि समोरच्याशी नकळत एकरूप होऊन तो ती भागवतो. एक इच्छा वर आली की दुसरी खाली दबते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. म्हणून उपचारातही ते रोग्याला कल्पनेनं समोरच्याच्या जागी बसायला लावत. मारणाऱ्यानं मार खाणारा व्हायचं, मुलानं बाप व्हायचं. या हिशेबानं माणसाचा 'मी' ही झाकण लावलेली बरणी राहत नाही. ज्याच्याशी आपलं नातं आहे, त्याची बैठक आपल्या आतच घातलेली असते. स्कॉटलंडचा मनोविश्लेषक फेअरबेर्न १९४०च्या दशकात म्हणू लागला की मनाला मुळात सुखाची नव्हे, माणसाची ओढ असते. त्याची वाट निराळी, पण ती जिथे पोचली तिथून बोस यांचं घर फार लांब नव्हतं.

मराठीत 'कॉम्प्लेक्स'साठी 'गंड' हा शब्द रुळलाय, न्यूनगंड तर भाजी मंडईतही ऐकू येतो. पण सगळ्या गंडांचा राजा ईडिपस, आणि बोस यांनी नेमका त्यालाच हात घातला. फ्रॉइडच्या मते आईवर हक्क सांगणारा मुलगा बापाकडून होणाऱ्या खच्चीकरणाच्या भीतीनं माघार घेतो आणि वळणावर येतो. १९२९मध्ये बोस यांनी त्याला कळवलं, की माझ्या भारतीय रोग्यांत ही भीती युरोपियन रोग्यांइतकी ठळक दिसत नाही. उलट स्त्री होण्याची इच्छा भारतीय पुरुषांत लवकर वर येते. त्यांच्या मते मुलगा बापाला भिऊन सुटत नाही, मनातल्या मनात बापावर मात करून सुटतो. तेव्हा देशावर राज्य कुणाचं होतं हे आठवलं, की या वाक्याला आणखी एक अर्थ चिकटतो. फ्रॉइडनं सभ्यपणे लिहिलं, की हा फरक मनावर ठसला, उलट्या इच्छेकडे लक्ष ठेवीन, घाईनं निकाल देण्याजोगी ही गोष्ट नाही. मग तो निकाल राहूनच गेला.

याच संस्थेत गोरे साहेबही होते. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल हे संस्थापकांपैकी एक. बायको मलबारची, आणि हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान, स्वभाव सगळं शौचाच्या शिस्तीतून उलगडणारा लेख यांनीच १९२१मध्ये लिहिलेला. दुसरे सैन्यातले अधिकारी क्लॉड डेली, प्रत्यक्ष फ्रॉइडकडून विश्लेषण करून घेतलेले. क्रांतिकारकांच्या मनोवृत्तीवर त्यांनी १९३०मध्ये निबंध लिहिला. राज्यकर्त्यांना प्रजेचं मन वाचायचं होतं, ते वाचायची विद्या आयतीच हाती आली.

१९३१ साली फ्रॉइडला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. संस्थेनं त्याला भेट पाठवली ती शेषावर बसलेल्या विष्णूची हस्तिदंती मूर्ती, सोबत संस्कृत श्लोक. तिला पोचायला डिसेंबर उजाडला. फ्रॉइडनं ती लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. १९३३मध्ये त्याच्याकडे विश्लेषणासाठी जाणाऱ्या अमेरिकन कवयित्री एच. डी. यांना ती तिथेच दिसली आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आली. पुढे मूर्तीला तडे जायला लागले, तेव्हा कोलकात्याची सवय असलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, असा प्रश्न फ्रॉइडला पडला. बोस यांच्या सिद्धांताबद्दल तो इतक्या आपुलकीनं कधी बोलल्याचं दिसत नाही.

बोस यांनी कोलकात्यात लुंबिनी पार्क हे मानसोपचाराचं रुग्णालय १९४०मध्ये सुरू केलं, त्यामागे राजशेखरांचा मोठा हात होता. १९४७पासून संस्थेचं 'समीक्षा' हे नियतकालिक निघू लागलं. या सगळ्या व्यापात बोस यांनी गीतेवर लिहिलं, पुराणांवर लिहिलं, मुलांसाठी लाल-काळ्या मुंग्यांची गोष्टही लिहिली. संस्थेचं अध्यक्षपद १९२२पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच होतं. त्यांच्यानंतर हिंदू कुटुंबातला मुलगा आणि आई हा धागा पुढे नेला तो मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी. त्यांचं 'द इनर वर्ल्ड' १९७८चं. अखेरची वर्षं ते गोव्यात राहिले, २०२४मध्ये गेले.

१९३८मध्ये नाझींच्या भीतीनं फ्रॉइड लंडनला निघाला, तेव्हा विष्णूही सामानात गेला. फ्रॉइडचं लंडनमधलं घर आता संग्रहालय आहे आणि मूर्ती तिथेच आहे. कोलकात्याच्या संस्थेचा पत्ताही बदललेला नाही: १४, पारशीबागान लेन.