शिक्षण की धर्म? आनंदीबाईंचं उत्तर



बचत गटाच्या बैठकीत एखादी आई मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी कर्ज मागते, तेव्हा आपण हप्ता किती, जामीन कोण, हे विचारतो. पण परगावच्या कॉलेजात तिच्या टिकलीला, उपासाला, जेवणाला कोणी हसलं तर ती काय करेल, हे विचारायचं राहून जातं. हा प्रश्न आजचा नाही. आनंदीबाई जोशींपुढे तो १८८३ सालीच उभा होता.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. बायांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं.

नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. बायकोच्या शिक्षणासाठी मदत करा, असं पत्र त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला धाडलं. आधी ख्रिस्ती व्हा, असा उत्तराचा रोख होता. पण ते पत्र मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. त्यांनी धर्माची अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावलं.

इकडे आपलेच लोक म्हणत होते, समुद्र ओलांडला की पोरगी बाटली, तिला वाळीत टाका. म्हणजे दोन्हीकडून सांगणं एकच होतं: शिक्षण घे, नाहीतर धर्म ठेव.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात त्या भाषणाला उभ्या राहिल्या. हे कॉलेज मिशनऱ्यांचंच. वयाला अठरा वर्षंही पुरी नव्हती. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. बहिष्काराचं भय नाही, हेही सांगितलं.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात त्या साडी नेसून, शाकाहारी राहून शिकल्या. १८८५ चा एक फोटो आहे. त्यात त्यांच्यासोबत जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी आहे. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात, एकाच कॉलेजच्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, क्षयानं गेल्या.

त्यांना पदवी मिळाली ती अभ्यासावर. कार्पेंटरबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, तरी पाहुणीचा धर्म त्यांनी जपला. ही दोन्ही कामं आपल्यालाही करायची आहेत. बुलढाण्याहून आपली लेक पुण्या-मुंबईला गेली, तर तिला सांगू: टिकली लाव, उपास कर, लाजू नको, कोणी त्रास दिला तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार दे. आणि आपल्या चिखली-मेहकरच्या कॉलेजात बुरखा घालून, निळा झेंडा मानून किंवा गळ्यात क्रूस घालून कोणाची लेक येत असेल, तर आपल्या पोरांना सांगू: तिला हसायचं नाही. आपल्या लेकीला परगावी जो मान हवा, तो दुसरीच्या लेकीला आपल्या गावात मिळायला हवा.