माठातला पखवाज

सांगलीला आकाशवाणी केंद्र 1963 साली झालं, पण आमच्या तासगाव तालुक्यातल्या वस्तीवर ट्रान्झिस्टर यायला बरीच वर्षं गेली. त्या काळी रेडिओलासुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागे. सेल उतरले की आई ते उन्हात ठेवायची, मग अर्धा-पाऊण तास बातम्या निघायच्या. घरातल्या आवाजाचा इतिहास असा उन्हात वाळत घातलेल्या सेलपासनं सुरू होतो.

मी 1977 ला दहावी होऊन शेतीत आलो. पुढं वीज आली, कॅसेटी स्वस्त झाल्या आणि प्रल्हाद शिंदे, भीमसेन जोशी घरोघरी पोचले. 1984 च्या दिवाळीत मी चारशे रुपयांचा जुना टेप आणला. आण्णा आठवडाभर बोलले नाहीत, कारण ते पैसे खताचे होते.

आण्णा भजनात पखवाज वाजवायचे. एका एकादशीला मी अख्खं भजन टेप केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ऐकवलं. ते गप ऐकत राहिले, मग म्हणाले, "लेका, टाळ ऐकू येत्यात. ह्यात माझा डावा हात कुठाय?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. खरा घुमारा तिथंच. तोच टेपात नव्हता.

नवा टेप घ्यायची ऐपत नव्हती. तालुक्याला रेडिओ दुरुस्त करणारा एक होता. तो म्हणाला, "कॅसेटीत आवाज असंल. तुमचा स्पीकर बशीएवढा, तो घुमणार कसा? मशीन राहू द्या, स्पीकर बदला." मी पस्तीस रुपयांत आठ इंची जुना स्पीकर घेतला. ओहमचा आकडा जुन्याइतकाच बघून घे, एवढं त्यानं बजावलं होतं.

नुसता स्पीकर किरटाच वाजला. पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागनं ओढतो, आणि उघड्यावर हे दोन आवाज एकमेकाला खातात. मागचा आवाज कोंडायला पेटी लागते. सुताराची पेटी परवडणारी नव्हती, म्हणून कुंभाराकडनं रुंद तोंडाचा माठ आणला. तोंडावर सायकलच्या ट्यूबची कड, वर स्पीकर, वायरीच्या फटीला मेण, बुडाला चुंबळ. आधी विहिरीत वरडल्यागत वाजला. आईची जुनी लुगडी आत कोंबली, तसा आवाज आवरला.

आण्णांना बोलावलं. भजन सुरू झालं, आणि टाळाच्या खालनं डावा हात उठला, धुम्म! आण्णांनी माठाच्या पोटावर तळवा टेकवला. कॅसेट संपली तरी हात काढला नाही. मग एवढंच म्हणाले, "खताचं बघू पुढच्या हप्त्याला."

त्या साली ऊस खताविना बारीकच राहिला. ते खरंच आहे, लपवून काय उपयोग?

आण्णा जाऊन आता वीस वर्षं झाली. पोरानं ती कॅसेट मोबाईलात भरून घेतली. नातवाचा मुठीएवढा स्पीकर आहे, बिनवायरीचा. गाणी झ्याक लागतात त्याच्यावर. पण एकादशीला मी मोबाईलची वायर जुन्या टेपला जोडतो आणि माठाजवळ बसतो. मोबाईलात आण्णांचे टाळकरी आहेत. आण्णा माठात आहेत.