शिपायाची पेन्शन आणि काडीमोडीनंतरचीं मुलें

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘बालपरवेशी’ हा शब्द आढळतो. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोटासाठीं सरकारांतून जी नेमणूक मिळे, ती बालपरवेशी. चाकरी बापाची, पण हक्क मुलाच्या भुकेचा, हें तत्त्व आमच्या पूर्वजांनीं ओळखलें होतें. परंतु तो हक्क मृत बापाच्या मुलांचा झाला. बाप जिवंत आहे, फौजेंतून सुटून गांवीं आला आहे, दरमहा पेन्शन घेत आहे, आणि मुलांच्या आईशीं त्याची काडीमोड होऊन वर्षें लोटलीं आहेत. अशा मुलांचा त्या पेन्शनीवर कांहीं हक्क पोंचतो कीं नाहीं? हा प्रश्न आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोल्हापुरास हा प्रश्न परका नाहीं. दक्षिणेंतील अनेक जातींत काडीमोड व पाट यांची चाल जुनी असून, आर्थर स्टील यानें 1827 सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिरिवाजांच्या संग्रहांत तशा चालींची नोंद आहे. मात्र रूढीवर चालणाऱ्या या व्यवहारास राज्याच्या कायद्याचें रूप देण्याचें कार्य शाहू छत्रपतींनीं केलें. 1919 सालीं त्यांनीं काडीमोडीविषयीं कायदा केला, आणि स्त्रियांस क्रूरपणें वागविणाऱ्यांस शिक्षाही ठरविली. बडोद्याचा घटस्फोटाचा कायदा 1931 चा, मुंबई इलाख्याचा 1947 चा, आणि सर्व देशासाठीं हिंदु विवाहाचा कायदा झाला तो 1955 सालीं. यावरून करवीर किती पुढें होतें हें ध्यानीं येईल.

याच मातीनें शिपाईही दिले. पहिल्या महायुद्धांत छत्रपतींनीं सैन्यभरतीस साह्य केलें. संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटण 1949 च्या विलीनीकरणानंतर मराठा पलटणींत सामील झाली. शिरोळ तालुक्यांतील एका गांवाचें नांवच सैनिक टाकळी असें रूढ झालें आहे. आतां शिपायाची नोकरी इतर नोकऱ्यांसारखी नव्हे. अठराव्या-विसाव्या वर्षीं भरती झालेला जवान पुष्कळदां चाळिशीच्या आंतच पेन्शन घेऊन घरीं येतो. त्या वेळीं त्याचीं मुलें शाळेंत असतात. कारकुनाची पेन्शन ही म्हातारपणाची काठी असेल. शिपायाची पेन्शन ही बहुधा मुलांच्या वाढीच्या वयांतील मिळकत असते. या विषयाचें सारें मर्म येथेंच आहे.

असें असतां कायद्यानें त्या पेन्शनीभोंवतीं भक्कम कुंपण घातलें आहे. 1871 च्या पेन्शन कायद्यानें सावकाराच्या मागणीवरून पेन्शन जप्त करण्यास मनाई केली. विलायतेंतही 1886 सालीं ‘लुकस विरुद्ध हॅरिस’ या खटल्यांत लष्करी अधिकाऱ्याच्या पेन्शनीस ऋणकोंच्या नव्हे तर धनकोंच्या हातांपासून असेंच संरक्षण मिळालें. हेतु चांगला होता. ज्यानें देशासाठीं शरीर झिजविलें, त्याचा घांस सावकारानें हिरावूं नये. पण या कुंपणाबाहेर सावकाराच्या शेजारीं मुलासही उभें करावें काय?

पोटगीचा इतिहास पाहतां याचें उत्तर मिळूं लागतें. 1898 च्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यांत बायको व मुलें यांस पोटगी देवविण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास होता. मर्यादा प्रथम दरमहा 50 रुपये, 1923 पासून 100 रुपये आणि 1955 पासून 500 रुपये. घटस्फोटितेस त्या कलमाचा आधार नव्हता. तो 1973 च्या कायद्यानें मिळाला. मुलाचा हक्क मात्र आईच्या काडीमोडीनें कधींच तुटला नव्हता. 2001 सालीं रकमेची मर्यादाही गेली, आणि 1 जुलै 2024 पासून हींच तत्त्वें नव्या नागरिक सुरक्षा संहितेंत आलीं आहेत.

उशिरां जाग्या झालेल्या मातेस एक अडचण मात्र येते. थकबाकीसाठीं वॉरंट हवें असल्यास ती रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आंत अर्ज करावा लागतो. तथापि 2013 सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, ही मुदत वसुलीच्या त्या एका मार्गापुरती आहे; तिनें देणें बुडत नाहीं.

नोकरींत असतां जवानाच्या पगारांतून बायकोमुलांसाठीं रक्कम कापण्याची तरतूद 1950 च्या लष्करी कायद्यांत आहे. पण ती पगारापुरती. शिपाई घरीं आला कीं वरिष्ठांचा हा हात सुटतो, आणि आईस न्यायालयाची पायरी चढावी लागते. तेथें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें दिलेला विचार आम्हांस सर्वथा मान्य आहे: पोटगी मागणारी बायको ही सावकार नव्हे, म्हणून पेन्शन कायद्याचें कुंपण तिच्या आड येत नाहीं. हाच न्याय मुलांस लावण्यास कोणती हरकत?

अमेरिकेंत 1981 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सैनिकाच्या निवृत्तिवेतनाची पतिपत्नींत वांटणी करतां येत नाहीं असें ठरविलें, आणि पुढल्याच वर्षीं कायदेमंडळानें तशी वांटणी करण्याची मुभा राज्यांस दिली. आमच्याकडे घटस्फोटितेस कुटुंबपेन्शन मिळत नाहीं. परंतु मुलकी नोकरांच्या नियमांत, तिचा घटस्फोट झाला नसता तर तिला जो वांटा मिळाला असता, तो तिच्या पात्र मुलांस देण्याची सोय आहे. बालपरवेशीचेंच हें तत्त्व नव्या वेषांत आलें म्हणावयाचें.

मात्र बाप मरावा तेव्हांच मुलास त्याची आठवण सरकारनें द्यावी, हें शोभत नाहीं. काडीमोडीच्या वेळींच मुलांच्या पोटगीचा आंकडा, आणि बाप पेन्शनीवर आल्यावर ती कशी द्यावयाची हें हुकूमनाम्यांत लिहून घ्यावें, मुलांचीं नांवें पलटणीच्या दप्तरांत नोंदलीं आहेत याची खात्री करावी, आणि थकबाकी वर्षावर जाऊं देऊं नये. 2025 च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांतच बसूं लागल्यानें मुंबईची वारीही चुकली आहे. नवराबायकोचें नातें काडीप्रमाणें मोडतां येतें. बापाचें नातें मोडण्याचा कायदा शाहू छत्रपतींनींही केला नाहीं, आणि पुढेंही कोणी करूं नये.