कानाचा ठणका आणि नाकाची वाट

लहान मुलाला पडसे येते, दोन-तीन दिवस नाक वाहते, आणि मग एका रात्री ते कानावर हात दाबून रडत उठते. घरातील वडीलधारी माणसे कोमट तेलाची वाटी पुढे करतात. तेल कानात जाते. दुखण्याचे मूळ मात्र नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असते. या दुखण्याचे दार आतल्या बाजूस आहे, हे नीट उमगण्यास वैद्यकाला कित्येक शतके लागली.

पडसे व कान यांचा संबंध प्राचीनांच्या नजरेतून सुटला होता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून, पडशाची हेळसांड केल्याने होणाऱ्या विकारांत बधिरतेचीही गणना केली आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत, तीव्र ज्वरासह उद्भवणारी कर्णपीडा प्राणावर बेतू शकते, असा इशारा आढळतो. परंतु पडसे कोणत्या वाटेने कानापर्यंत पोहोचते, हे दाखविण्याचे काम पुढच्या काळासाठी राहिले.

ती वाट रोमच्या बार्तोलोमेओ युस्ताकी याने सविस्तर वर्णिली. १५६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात, कानाच्या पडद्यामागील पोकळीपासून निघून घशाच्या वरच्या भागात उघडणाऱ्या एका नळीचे वर्णन आहे. १७०४ मध्ये बोलोन्याच्या वाल्साल्वा याने कानावरील आपल्या प्रबंधात त्या नळीशी युस्ताकीचे नाव जोडले. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोसेफ टॉयन्बी याने सुमारे दोन हजार कानांचे विच्छेदन केले, आणि ही नळी एरवी मिटलेली असून गिळताना उघडते, हे दाखवून दिले. १८६३ साली व्हिएन्नाच्या आडाम पोलित्झर याने, रुग्ण घोट घेत असताना रबरी पिशवीने नाकात हवा सोडून ती कानापर्यंत पोहोचविण्याची युक्ती काढली. कानावरील उपचार नाकावाटे होऊ लागला!

मुलांचेच कान अधिक का दुखतात, याचेही उत्तर त्या नळीत आहे. प्रौढाची नळी सुमारे ३५ मिलिमीटर लांब व उतरती असते. तान्ह्या मुलाची जवळजवळ निम्मी आखूड व बरीचशी आडवी असते. पडशाने तिचे अस्तर सुजले की ती बंद होते, पडद्यामागील हवा शोषली जाऊन तेथे पाणी साठते, आणि घशातील जंतू त्या पाण्यात वाढून त्याचा पू होतो. पूर्वी हा पू कानामागील हाडात, क्वचित मेंदूपर्यंतही शिरत असे. ते हाड कोरून पू काढण्याच्या शस्त्रक्रियेला १८७३ मध्ये हाले येथील हेर्मान श्वार्ट्झे याने पद्धतशीर रूप दिले. पुढे सल्फा औषधे व पेनिसिलीन आल्यावर त्या शस्त्रक्रियेची गरज फार कमी झाली.

पडशाचे कारण मात्र अजून हाती यावयाचे होते. १९५६ च्या सुमारास ऱ्हायनोव्हायरस सापडला. त्याच वर्षी अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींत एक विषाणू आढळला, आणि १९५७ मध्ये रॉबर्ट चॅनॉक यांना तोच बाल्टिमोरच्या आजारी बालकांत मिळाला. तोच आज आर.एस.व्ही. या नावाने ओळखला जातो. पुष्कळ कर्णविकारांची सुरुवात अशा विषाणूंपासून होते, आणि विषाणूंवर पेनिसिलीनची मात्रा चालत नाही. १९८१ साली नेदरलंड्समधील एका अभ्यासाने दाखविले की, बहुतेक मुलांचा कान प्रतिजैविकांवाचूनही बरा होतो. म्हणून सौम्य दुखण्यात वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहण्याची रीत अनेक देशांत आली. तथापि सहा महिन्यांखालील मूल, मोठा ताप, असह्य ठणका किंवा कानातून येणारा पू असेल, तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. औषध द्यावयाचे की थांबावयाचे, हे त्यांनीच ठरवावे.

प्रतिबंधाचे मार्गही आता ठाऊक आहेत. अंगावरचे दूध, चुलीच्या व तंबाखूच्या धुरापासून बचाव, बाळाला आडवे निजवून बाटली न देणे, हे घरचे उपाय होत. कान बिघडविणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरील लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये सर्व देशभर पोहोचली. तेलाची वाटी मात्र बाजूला ठेवावी. पडदा शाबूत असेल तर तेल पलीकडे जात नाही. फाटला असेल तर ते आत जाऊन अपायच करते.

ठणका थांबला म्हणजे सारे संपले, असेही नव्हे. पडद्यामागील पाणी कित्येक आठवडे राहू शकते. मूल हसते, खेळते. पण त्याला शब्द अस्पष्ट ऐकू येतात, आणि हेच त्याचे भाषा शिकण्याचे वय असते. हाक मारल्यावर न वळणाऱ्या, वर्गात भलतेच उत्तर देणाऱ्या मुलाला हट्टी किंवा मठ्ठ ठरविण्यापूर्वी, मागच्या महिन्यात त्याला पडसे झाले होते काय, एवढे विचारावे आणि त्याचे कान तपासून घ्यावेत. पुष्कळदा त्या मुलाला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज असते.