सात सेंटची वाटणी
आम्ही दुकानदाराच्या घरातल्या; आधी वही बघतो, मग माणूस. ‘गॅलक्सी ५००’ची वही बघा. डीन, डेमन, नेओमी या तिघा मित्रांनी १९८७ साली बोस्टनकडे हा बँड काढला. तीन अल्बम निघाले, १९९१ मध्ये बँड मोडला. त्याच साली त्यांची अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनीही बुडाली. मूळ टेपा लिलावात निघाल्या. आपलीच गाणी बोली लावून सोडवावी लागली.

२०१२ मध्ये डेमनने हिशेब मांडला. ‘टगबोट’ हे गाणं पँडोरा या इंटरनेट रेडिओवर तीन महिन्यांत ७,८०० वेळा वाजलं. गाणं रचल्याबद्दल तिघांत मिळून आले २१ सेंट, म्हणजे प्रत्येकी सात!

गिऱ्हाईक नव्हतं असं कसं म्हणू? गिऱ्हाईक होतं हो, गल्ला तेवढा दुसऱ्याचा होता.