एअरग्राफ : वजन उतरवलेल्या पत्राची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या घरी येणाऱ्या, तळहाताएवढ्या छायाचित्ररूप पत्राला एअरग्राफ म्हणत, आणि त्याच्या जन्माला कागदाचे वजन कारण झाले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाली. इजिप्तमधील सैन्याचे टपाल आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने जाऊ लागले आणि घरचे उत्तर हाती पडेपर्यंत महिनेच्या महिने लोटू लागले. विमाने होती, पण थोडी होती, आणि टपालाच्या थैल्यांना त्यांत जागा मिळणे कठीण होते.

यावरच्या उपायाचे मूळ १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात सापडते. त्या वेळी रने दाग्रों या छायाचित्रकाराने हजारो संदेश अतिशय बारीक करून पातळ फिल्मवर उतरवले. ती फिल्म गुंडाळून पिसाच्या पोकळ नळीत घालत व नळी कबुतराच्या शेपटीला बांधत, आणि पॅरिसमध्ये पोहोचल्यावर कारकून तो मजकूर पडद्यावर मोठा करून हाताने उतरवून घेत. म्हणजे निरोप पोहोचे, पण अक्षर मात्र कारकुनाचे असे.

हीच उणीव एअरग्राफने भरून काढली. १९३० च्या दशकात कोडॅक कंपनीने विमान कंपन्यांच्या साथीने सिद्ध केलेली ही पद्धत २१ एप्रिल १९४१ रोजी कैरोहून लंडनसाठी सुरू झाली. सैनिकाला एक छापील कागद मिळे. वरच्या चौकटीत ठळक अक्षरांत पत्ता आणि खाली एकाच बाजूला मजकूर, तोही शक्यतो गडद शाईने, कारण फिक्या रेघा छायाचित्रात पुसट उमटत. सेन्सॉरने, म्हणजे पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, ते पाहिल्यावर त्याचे १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर छायाचित्र घेत. सुमारे १,६०० पत्रे कागदावर ५० पौंड भरत, तीच फिल्मवर जेमतेम ५ औंस. लंडनला ती पुन्हा कागदावर छापून, कापून, खिडकीच्या पाकिटात घालून घरोघर जात. मूळ कागद फिल्म सुखरूप पोहोचेपर्यंत जपून ठेवत, म्हणजे विमान पडले तरी पत्राचे छायाचित्र पुन्हा घेता येई. त्यानंतर तो नष्ट करत.

मुलाने हाताळलेला कागद आईच्या हाती कधीच पडत नसे, आणि बारीक अक्षर असले तर तिला भिंग घ्यावे लागे. तरीही वळण, खाडाखोड आणि सही त्याचीच असे, आणि ज्या घराला तो जिवंत असल्याची खूण हवी होती त्याच्या दृष्टीने हा सौदा निःसंशय मोलाचा होता.

विमाने वाढली तशी फिल्मची गरज ओसरली. डग्लस गंबली यांनी १९३३ मध्ये इराकच्या टपालखात्यात आणलेले, पातळ कागदाची घडी करून स्वतःचेच पाकीट बनणारे हवाई पत्र १९४१ पासून सैनिकांनाही मिळू लागले होते आणि त्यात लिहिलेला कागदच घरी पोहोचत असे. ३० कोटींहून अधिक पत्रे वाहून एअरग्राफ सेवा ३१ जुलै १९४५ रोजी बंद झाली. हवाई पत्र मात्र टिकले, आणि १९५२ मध्ये ब्रसेल्स येथील जागतिक टपाल संघाच्या अधिवेशनात त्याला एरोग्राम हे नाव अधिकृतपणे मिळाले.