रॉबर्ट स्मिथसन
रॉबर्ट स्मिथसन (२ जानेवारी १९३८ – २० जुलै १९७३) हे अमेरिकन शिल्पकार व लेखक होते. भूमिकला अर्थात लँड आर्ट या चळवळीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. त्यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील पसेइक येथे झाला.

भूशास्त्र आणि एन्ट्रॉपी, म्हणजे सुव्यवस्थेची अव्यवस्थेकडे होणारी वाटचाल, हे त्यांच्या चिंतनाचे मुख्य विषय होते. खाणी व ओसाड जागांतून आणलेले दगड पेट्यांत भरून, त्या जागेच्या नकाशासह ते कलादालनात मांडत. या कृतींना त्यांनी ‘नॉन-साइट’ असे नाव दिले. जानेवारी १९७० मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात त्यांनी एका लाकडी कोठारावर तुळई तडकेपर्यंत माती टाकवली. पडझड हा त्यांच्या दृष्टीने कलाकृतीचाच भाग होता.

स्पायरल जेटी

एप्रिल १९७० मध्ये युटामधील ग्रेट सॉल्ट लेक सरोवराच्या रोझेल पॉइंट या काठावर त्यांनी ही सर्वपरिचित कृती उभारली. काळा बेसॉल्ट (दख्खनच्या पठारावरील कातळ याच प्रकारचा) आणि माती यांचा हा सर्पिलाकार बांध सुमारे ४६० मीटर लांब व ४.६ मीटर रुंद आहे. १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेच्या भरावामुळे सरोवराचा उत्तर भाग उर्वरित पाण्यापासून तुटला व अधिक खारट झाला. तेथे वाढणाऱ्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाण्यास तांबूस छटा येते. ही जागा निवडण्यामागे तो रंगही होता.

बांधकामाच्या वेळी पाण्याची पातळी कमी होती. काही वर्षांतच ती वाढून बांध बुडाला आणि सुमारे तीन दशके बहुतांशी पाण्याखालीच राहिला. २००२ च्या सुमारास तो पुन्हा दिसू लागला, तेव्हा काळ्या दगडांवर मिठाचे पांढरे थर चढले होते. त्यानंतर अवर्षण आणि सरोवरास मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्याचा उपसा यांमुळे काठ बराच मागे सरकला असून बांध बहुधा कोरड्या वाळूतच असतो. १९९९ पासून ही कृती डिया आर्ट फाउंडेशनकडे आहे. तिची डागडुजी करावी की तिला निसर्गाच्या हवाली करावे, हा प्रश्न अवघड आहे. नैसर्गिक झीज स्मिथसन यांना अभिप्रेत होती; माणसाने पाणी वळवल्यामुळे आटणारे सरोवर त्या झिजेत मोडते का, यावर मात्र दुमत संभवते. संस्था सध्या वेळोवेळी हवाई छायाचित्रे घेऊन बदलांची नोंद ठेवते.

मृत्यू

‘अमॅरिलो रॅम्प’ या कृतीच्या जागेची विमानातून पाहणी करताना टेक्सासमध्ये झालेल्या अपघातात, वयाच्या ३५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ती कृती त्यांच्या पत्नी, कलावंत नॅन्सी होल्ट यांनी रिचर्ड सेरा व टोनी शाफ्राझी यांच्या साहाय्याने पूर्ण केली.